तुकोबारायांचा पहिला संकल्प : देहूच्या देवळाचा जीर्णोद्धार

॥ श्री विठ्ठल प्रसन्न ॥

देऊळ बांधणे ही एका पिढीची गोष्ट असते. परंतु देऊळ सांभाळणे ही पिढ्यान् पिढ्यांची गोष्ट होय. भिंत खचते, शिखरात पिंपळ रुजतो, गाभाऱ्यात पाणी ठिबकू लागते. त्या वेळी गावापुढे दोन वाटा असतात. एक वाट सबबींची. यंदा पाऊस नाही, यंदा पीक नाही, यंदा गावात एकोपा नाही, पुढच्या वर्षी पाहू. दुसरी वाट विश्वासाची. ज्याचे घर आहे तो पाठीशी आहे, हाताला जमेल तेवढे आज करावे. पहिली वाट सोपी असते आणि ती कोठेच पोहोचत नाही. दुसरी वाट अवघड असते. पण गावोगावची उभी देवळे ही त्याच वाटेने गेलेल्या माणसांची खूण आहे.

जीर्णोद्धाराच्या मंगल प्रसंगी महाराष्ट्रातील एका जीर्णोद्धाराचे स्मरण करणे उचित ठरेल. त्याला ना राजाश्रय होता, ना देणगीदारांची यादी. करणारा मनुष्य त्या वेळी दिवाळे निघालेला, घरातील माणसे गमावलेला, गावात हसे झालेला असा होता. तो जीर्णोद्धार म्हणजे श्रीक्षेत्र देहू येथील विठ्ठलमंदिराचा, आणि तो करणारे म्हणजे जगद्गुरू श्रीतुकाराम महाराज.

देवाने दिलेले वचन

देहूचे हे देऊळ तुकोबारायांनी नव्याने उभारलेले नव्हे. त्याची कथा त्यांच्या आधी सात पिढ्या सुरू होते. इंद्रायणीकाठच्या या गावी मोऱ्यांच्या कुळात विश्वंभरबाबा नावाचे सत्पुरुष होऊन गेले. व्यापार प्रामाणिकपणे करावा, अतिथीला विन्मुख धाडू नये आणि पंढरीची वारी चुकवू नये, असा त्यांचा नेम. देहूपासून पंढरपूर सव्वाशे-दीडशे मैलांच्या अंतरावर. वाटेत नद्या, घाट, चोराचिलटांचे भय. तरीही विश्वंभरबाबा प्रत्येक एकादशीला पंढरी गाठीत, असे संतचरित्रकार सांगतात. आठ महिन्यांत सोळा वाऱ्या झाल्या, अशी परंपरा आहे.

पुढे शरीर थकू लागले. वारी कशी घडावी, या चिंतेत असताना त्यांना स्वप्नात दृष्टांत झाला. देव म्हणाले, तू आता श्रम करू नकोस, मीच तुझ्या गावी आलो आहे. सकाळी गावकऱ्यांसह ते आंबराईत गेले. एका ठिकाणी तुळस, फुले आणि बुक्का यांचा सुगंध दरवळत होता. तेथे खणताच विठ्ठल-रखुमाईच्या मूर्ती मिळाल्या. इंद्रायणीच्या काठी देऊळ करून त्यांची स्थापना झाली. पुंडलिकासाठी वैकुंठीचा राणा भीमातीरी आला आणि विश्वंभरबाबांसाठी तो इंद्रायणीतीरी आला, अशी ही भाविकांची श्रद्धा आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ‘मी तुझ्या गावी येतो’ हे देवाचे वचन विश्वंभरबाबांना घरबसल्या मिळाले नाही. पाय चालत होते तोवर ते चालले. थकल्यावर वचन मिळाले. आणि वचन मिळाल्यावरही कुदळ हाती घेऊन खणावे लागलेच. देवाचा शब्द आणि माणसाचे कष्ट यांची सांगड या घराण्यात पहिल्या पिढीपासून होती.

पहिली कसोटी

विश्वंभरबाबांच्या मागे त्यांचे दोन पुत्र हरी आणि मुकुंद यांना देहूची शेती, दुकान आणि देवपूजा यांत गोडी वाटेना. ते राजाच्या पदरी लष्करी नोकरीस गेले. पगार चांगला, मान मोठा. त्यांनी आपली आई आमाबाई हिलाही तेथे बोलावून घेतले. देहूच्या देवळातील दिवा मंद झाला.

परंपरा सांगते, आमाबाईंना स्वप्नात देव दिसले. तुमच्यासाठी मी पंढरी सोडून आलो आणि तुम्ही मला एकटे टाकून येथे आलात, असे त्यांनी विचारले. तिने मुलांना परतण्याविषयी विनवले. मुलांनी कारणे सांगितली. नोकरी सोडून कसे चालेल? तेथे जाऊन खायचे काय? अशी कारणे कोणत्याही काळात खरीच वाटतात. पुढे लढाईत दोघेही भाऊ पडले. आमाबाई सारे हरवून देहूला परतली, आणि तिने देवाला बोल लावण्याऐवजी देवळाची झाडलोट हाती घेतली. हरीच्या पोटी जो मुलगा झाला त्याचे नाव विठ्ठल. विठ्ठलापासून पदाजी, शंकर, कान्होबा, बोल्होबा आणि बोल्होबांचे पुत्र तुकोबा अशी ही वंशावळ आहे. एका म्हातारीने धरून ठेवलेली सेवा तुकोबांच्या हाती आली ती अशी. देवळाच्या इतिहासात अशा स्त्रियांची नावे शिळेवर कोरली जात नाहीत. पण त्यांच्यावाचून शिळा उभ्याही राहत नाहीत.

भरल्या घराचे ओस घर

तुकोबारायांचा जन्म शके १५३० म्हणजे इ. स. १६०८ मधील, असे परंपरेने मानले जाते. घरी महाजनकी, सावकारी, शेती, गुरेढोरे, बाजारपेठेत वाडा. थोरले बंधू सावजी विरक्त वृत्तीचे, धाकटे कान्होबा लहान. म्हणून वयाच्या तेराव्या वर्षीच प्रपंचाचा भार तुकोबांवर आला. पहिली पत्नी रखमाबाई दम्याने आजारी असे; म्हणून पुण्याचे सावकार आप्पाजी गुळवे यांची कन्या जिजाबाई ही दुसरी पत्नी म्हणून घरात आली. काही वर्षे सारे सुरळीत चालले.

मग एकामागून एक घाव बसू लागले. सतराव्या वर्षी आई-वडिलांचे छत्र गेले. पुढे थोरली भावजय वारली आणि सावजी घर सोडून तीर्थयात्रेस निघून गेले. आणि त्यानंतर आला तो दुष्काळ, ज्याने केवळ मोऱ्यांचे घर नव्हे तर सारे दख्खन होरपळून काढले.

सन १६३० चा दुष्काळ

इ. स. १६३० ते १६३२ या काळात गुजरात आणि दख्खन येथे जो दुष्काळ पडला तो हिंदुस्थानच्या इतिहासातील अतिभीषण दुष्काळांपैकी एक होय. पाऊस गेला, विहिरी आटल्या, धान्य मिळेनासे झाले. त्यामागून रोगराई आली. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी १६३० च्या अखेरीस सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे गेला. वाटेवरची उजाड गावे आणि रस्त्याकडेला पडलेली प्रेते यांचे वर्णन त्याने लिहून ठेवले आहे. बादशहा शहाजहान त्या वेळी दख्खनच्या मोहिमेसाठी बुऱ्हाणपुरात होता. त्याच्या दरबारी इतिहासातही या दुष्काळाची नोंद असून, बादशहाने अन्नछत्रे घातली व महसुलात सूट दिली असे त्यात म्हटले आहे. परंतु ती मदत त्याच्या मुलखापुरती. मावळातल्या खेड्यापर्यंत ती कोण पोहोचवणार?

मावळची दशा तर दुहेरी होती. निजामशाही, आदिलशाही आणि मोगल यांच्या लढायांत हा मुलूख भरडला जात होता. याच सुमारास आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळले आणि त्या भूमीवर गाढवाचा नांगर फिरवला. त्याच वर्षी, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरी किल्ल्यावर शिवरायांचा जन्म झाला होता. पण पुढे काय घडणार आहे, हे त्या वेळी कोणाला ठाऊक? देहूच्या माणसाला दिसत होते ते जळलेले पुणे, भेगाळलेली जमीन आणि रिकामी कणगी.

या दुष्काळात तुकोबांची गुरे गेली, व्यापार बसला, दिवाळे निघाले. ज्यांना कर्ज दिले होते त्यांच्याकडून येणे नाही. ज्यांचे घेतले होते ते दारात. सासुरवाडीच्या आणि जिजाबाईंच्या मदतीने पुन्हा भांडवल उभे करून पाहिले, तेही टिकले नाही. आणि अखेरीस घरातच भूक शिरली. रखमाबाई अन्नावाचून गेल्या. त्यांचा लहानगा संतूही गेला. ज्या वाड्यातून कधी काळी गावाला धान्य उसने मिळे, त्या वाड्याच्या धन्याची पत्नी उपासमारीने मरण पावली. लाजेने आणि दुःखाने आपली काय अवस्था झाली, हे तुकोबारायांनी स्वतःच पुढे एका आत्मचरित्रपर अभंगात सांगून ठेवले आहे.

शंका आणि सबब

अशा वेळी शंका न येईल असा माणूस विरळा. जो देव ‘मी तुझ्या गावी आलो आहे’ असे पूर्वजांना म्हणाला, तो दुष्काळात कोठे होता? भगवंतांनी गीतेच्या नवव्या अध्यायात अनन्यभावाने भजणाऱ्यांचा योगक्षेम आपण चालवू असे आश्वासन दिले आहे. मग रखमाबाईंचा योगक्षेम कोणी चालवला?

तुकोबारायांनी हे प्रश्न टाळले नाहीत. ते घर सोडून भामनाथाच्या डोंगरावर जाऊन बसले. तेथे पंधरा दिवस ते एकटे होते, असे चरित्रकार म्हणतात. त्यांच्या गाथेत देवाशी भांडणारे, देवाला जाब विचारणारे, क्वचित देवाला खडसावणारे अभंग काही थोडे नाहीत. तेव्हा विश्वास म्हणजे मनात प्रश्नच न येणे, अशी कोणाची समजूत असेल तर ती तुकोबारायांच्या चरित्राला धरून नाही. प्रश्न देवाच्या दारात नेऊन विचारला, म्हणजे ती भक्तीच. तोच प्रश्न हात बांधून बसण्यासाठी वापरला, म्हणजे ती सबब. शंका आणि सबब यांत एवढाच भेद आहे. पण तो फार मोठा आहे.

तुकोबांजवळ सबबींची उणीव नव्हती. भांडवल नाही, पत नाही, घरात उपासमार, मुलखात अंदाधुंदी, थोरला भाऊ परागंदा. यांतील एकेक कारण सांगून त्यांनी देवपूजा सोडली असती तरी देहूत त्यांना कोणी दोष दिला नसता. त्यांनी तसे केले नाही.

इंद्रायणीत सोडलेली खतपत्रे

भाऊ कान्होबा त्यांना शोधीत डोंगरावर आले. दोघे खाली उतरले. त्यानंतर जे घडले ते देवळाच्या कामाइतकेच मोलाचे आहे. तुकोबांनी घरातील कर्जाची सारी खतपत्रे बाहेर काढली. दुष्काळातून वाचलेल्या कुळांकडून त्या कागदांच्या जोरावर वसुली करता आली असती. आज ना उद्या पाऊस पडला असता, शेते पिकली असती आणि सावकारी पुन्हा उभी राहिली असती. तुकोबांनी ती खते इंद्रायणीत सोडण्याचे ठरविले.

कान्होबा म्हणाले, तुमचे मन विरक्त झाले आहे. मला मात्र संसार चालवायचा आहे. हे ऐकून तुकोबा रागावले नाहीत, की त्यांनी उपदेश केला नाही. त्यांनी खतांचे दोन वाटे केले. अर्धी खते कान्होबांच्या हाती दिली आणि आपल्या वाट्याची अर्धी तेवढी नदीला अर्पण केली. ही हकीकत संतचरित्रकार महिपतींनी सांगितली असून महाराष्ट्रातील घराघरांत ती ठाऊक आहे. मात्र तिच्यातील अर्ध्या वाट्याचे मर्म पुष्कळदा नजरेआड होते. आपला विश्वास आपल्या वाट्यापुरता. दुसऱ्याच्या वाट्यावर तो लादण्याचा हक्क कोणालाही नाही. सार्वजनिक कार्यात वर्गणी जमविताना हा दाखला नित्य डोळ्यांसमोर असावा. ज्याला द्यावेसे वाटते त्याचा एक रुपया देवाला पोहोचतो. ज्याच्याकडून भिडेने काढला त्याचे शंभर रुपये हिशेबाच्या वहीत पोहोचतात.

त्या दिवशी नदीत केवळ कागद बुडाले नाहीत. मावळातील कित्येक गरीब कुळांची देणी बुडाली. दुष्काळातून उठणाऱ्या शेतकऱ्याच्या मानेवरचे जू उतरले. देवावर विश्वास ठेवणाऱ्याने माणसांच्या मागचा तगादा सोडला, असा या घटनेचा अर्थ आहे.

मातीचा गारा आणि दगडाची भिंत

आता देवळाकडे वळू पाहता दिसते ते असे. विश्वंभरबाबांच्या काळचे ते देऊळ तोवर मोडकळीस आले होते. ते नीट करावे असे तुकोबांच्या चित्ताने घेतले. आत्मचरित्रपर अभंगात आपत्ती सांगून झाल्यावर त्यांनी लगेच हीच गोष्ट सांगितली आहे. अर्थात सर्वस्व गेल्यानंतर त्यांनी हाती घेतलेले पहिले काम म्हणजे देवळाचा जीर्णोद्धार.

पैसा नव्हता, म्हणून मजूर नव्हते. मजूर नव्हते, म्हणून स्वतःचे हात होते. संतचरित्रांत वर्णन येते ते असे की तुकोबांनी स्वतः दगडमाती वाहिली, गारा केला आणि भिंती उभ्या केल्या. काल ज्याच्या ओटीवर कुळे उभी राहत तो महाजन आज डोईवर मातीची पाटी घेऊन इंद्रायणीच्या काठावरून ये-जा करीत होता. लोक काय म्हणाले असतील, याची कल्पना करण्यास फार प्रतिभा लागत नाही. दिवाळे निघाले आणि डोके फिरले, असेच म्हणाले असतील. पण भिंत रोज हातभर वर येत होती.

येथे क्रम पाहण्यासारखा आहे. आधी कवित्व आणि मग देऊळ, असे झाले नाही. आधी देऊळ झाले. मग त्या देवळात तुकोबा एकादशीचे कीर्तन करू लागले. प्रारंभी अभ्यासात चित्त नव्हते, असे ते स्वतःच सांगतात. म्हणून त्यांनी ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ, कबीर अशा संतांची वचने पाठ केली. पुढे कोणी कीर्तनास उभा राहिला की मागे उभे राहून ध्रुपद धरले. नंतर भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांतात चिंतन घडले. माघ शुद्ध दशमीस गुरुवारी बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात ‘रामकृष्णहरि’ हा मंत्र दिला. नामदेवराय पांडुरंगासह स्वप्नात आले आणि कवित्वाची आज्ञा झाली. ज्या अभंगवाणीने मराठी भाषा श्रीमंत झाली तिची पहिली पायरी म्हणजे इंद्रायणीकाठची ती मातीची पाटी होय.

दुसरी कसोटी

विश्वासाची परीक्षा एकदाच होत नाही. अभंगांची कीर्ती पसरली तसा विरोधही वाढला. शूद्राने वेदार्थ सांगू नये, या समजुतीने वाघोलीचे विद्वान रामेश्वरभट्ट यांनी आक्षेप घेतला आणि अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. पूर्वी खते बुडवली ती आपखुशीने. या वेळी बुडाले ते जन्माचे संचित. तुकोबाराय नदीकाठच्या शिळेवर अन्नपाणी वर्ज्य करून तेरा दिवस बसून राहिले. तेराव्या दिवशी वह्या कोरड्या वर आल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. अभंग लोकांच्या मुखी बसले होते, म्हणून ते कोणाला बुडवता आले नाहीत, असेही सांगितले जाते. दोन्ही सांगण्यांत तुकोबारायांनी केलेली गोष्ट एकच आहे. त्यांनी ना प्रतिपक्षाला शाप दिला, ना वाणी सोडली. पुढे तेच रामेश्वरभट्ट तुकोबारायांचे निष्ठावंत भक्त झाले. चाकणचे संताजी तेली जगनाडे आणि कडूसचे गंगाजीपंत मवाळ यांनी अभंग लिहून ठेवले. शिऊरच्या बहिणाबाईंनी त्यांना गुरू मानले. फाल्गुन वद्य द्वितीया, शके १५७१ या दिवशी महाराजांचे वैकुंठगमन झाले. देहूस आजही तुकारामबीज त्याच तिथीला साजरी होते.

वचन कसे फळाला आले

विश्वंभरबाबांना देवाने दिलेला शब्द किती दूरवर पोहोचला, याचा हिशेब मांडला तर मन थक्क होते. महाराजांचे धाकटे पुत्र नारायण महाराज यांनी इ. स. १६८५ च्या सुमारास पालखीची प्रथा सुरू केली. आज ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून पालखीचे प्रस्थान होते आणि लाखो वारकरी आषाढी एकादशीस पंढरी गाठतात. एका थकलेल्या वारकऱ्याची वारी देवाने अशी लाखपटीने चालविली.

अभंगांचे म्हणावे तर तेही तसेच. मुंबई सरकारच्या अर्थसाहाय्याने विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी संपादिलेली गाथा १८६९ ते १८७३ या काळात दोन भागांत छापली गेली. तीत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. १९५० साली सरकारनेच ती पुन्हा प्रसिद्ध केली. ज्या शिळेवर महाराज तेरा दिवस बसले, तिच्यासाठी बांधलेल्या नव्या शिळामंदिराचे लोकार्पण १४ जून २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. डोईवर मातीची पाटी घेतलेल्या माणसाने यांतील काहीच पाहिले नव्हते. त्याने फक्त आपल्या वाट्याची भिंत घातली.

सबब न सांगता सेवा कशी चालू ठेवावी, याचा एक दाखला तर अगदी अलीकडचा आहे. २०२० साली करोनाच्या साथीमुळे पायी वारी होऊ शकली नाही. परंतु पादुका देहूतच राहिल्या नाहीत. मोजक्या मंडळींसह त्या एस. टी. बसने पंढरीस नेण्यात आल्या. चालणे थांबले, वारी थांबली नाही. जे शक्य नाही त्याचे दुःख करीत बसण्यापेक्षा जे शक्य आहे ते चुकवू नये, हीच देहूची शिकवण होय.

जीर्णोद्धाराचा अर्थ

महाराष्ट्रातील खेड्यांना दुष्काळ नवा नाही. १९७२ सालचा दुष्काळ पाहिलेली माणसे अजूनही गावोगाव आहेत. मिलो ज्वारीची भाकरी, सुकडी, खडी फोडण्याची कामे आणि पाझर तलावांचे खोदकाम त्यांना आठवते. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्या वर्षी माणसे हाताला काम मिळाल्याने तगली. तुकोबारायांच्या काळी असा आधार देणारे कोणी नव्हते. तरीही दोन्ही काळांतला धडा एकच दिसतो. संकटात सापडलेल्या माणसाला कोरडा उपदेश उभा करीत नाही. हाताला मिळालेले काम आणि पाठीवर ठेवलेला हात उभा करतो. देव आपला शब्द बहुधा माणसांच्याच हातांनी पाळतो.

म्हणून जीर्णोद्धार म्हणजे केवळ चुना, सिमेंट आणि फरशी नव्हे. देऊळ नवे झाले आणि गावातील जुने वैर तसेच राहिले, तर अर्धेच काम झाले. कळसाला सोन्याचा मुलामा चढला आणि शेजारच्या घरी चूल पेटली नाही, तर विश्वंभरबाबांच्या अतिथीधर्माचा विसर पडला. तुकोबारायांनी देवळाला हात लावण्यापूर्वी कुळांची खते नदीत सोडली, हा क्रम जीर्णोद्धाराचे काम करणाऱ्या प्रत्येक गावाने मनात कोरून ठेवावा.

ज्यांनी द्रव्य दिले, ज्यांनी ट्रॅक्टरने वाळू आणून टाकली, ज्यांनी दिवसभराच्या मजुरीनंतर संध्याकाळी दोन तास श्रमदान केले, ज्या माउल्यांनी कामावरच्या माणसांना भाकरी आणि पाणी पुरवले, त्या साऱ्यांची सेवा देवाच्या दरबारी सारख्याच मोलाची आहे. यादीत काहींची नावे छापली जातात, काहींची राहून जातात. आमाबाईचे नाव कोणत्या शिळेवर आहे? तरी तिने लावलेला दिवा विझलेला नाही.

शंका येतील. कामे अडतील. पाऊस हुलकावणी देईल. पुढच्या पिढीत पुन्हा भिंतीला भेग पडेल, पुन्हा कोणी म्हणेल की आता काळ बदलला, आता कोण करतो हे सारे. त्या वेळी गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याने एवढेच सांगावे की देहूला एक वाणी होता. त्याचे सारे गेले होते, आणि त्याने देवाला विचारायचे ते सारे प्रश्न विचारले होते. मग तो उठला, त्याने पाटी डोईवर घेतली आणि पडलेले देऊळ बांधायला लागला.

॥ रामकृष्णहरि ॥